मार्तंडच्या पोटातली गाबोळी

दर्यावर्धिनी शिक्षण मंडळाचे आणि आजच्या या सभेचेही अध्यक्ष, माननीय श्री. मार्तंडराव आंगणे, मत्स्यव्यवसायाच्या क्षेत्रातून अगत्याने आलेले सन्माननीय प्रमुख पाहुणे, एकेकाळचे माझे विद्यार्थी आणि आज आपल्या मत्स्यविज्ञान विभागाचे प्रमुख, डॉ. देवेश शिरोडकर, माझे सहकारी प्राध्यापक, आजी-माजी विद्यार्थी, तिसऱ्या रांगेत बसलेल्या गोराईच्या फ्लेविया किणी आणि त्यांचे बंधू कार्ल, आणि आत येऊन बसा असं तीनदा सांगूनही दारातच उभ्या असलेल्या, आपल्या कॅन्टीनच्या कॉन्सेप्टाबाई,

आपणा सर्वांना नमस्कार.

सत्काराला उत्तर देणाऱ्याने आधी भारावून जावं, असा संकेत आहे. मी तो पाळणार आहे, पण क्रम थोडा बदलून. भारावणं शेवटी ठेवते. आधी घटना सांगते. ज्या घडल्या, त्याच क्रमाने. मी, सुलक्षणा तेंडोलकर, या महाविद्यालयात चौतीस वर्षं हेच शिकवत आले, की निष्कर्ष कितीही गोड असला तरी त्याने निरीक्षणाच्या पुढे धावू नये.

पहिली घटना. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, आपल्या या मरोळच्या आवारात, कटला माशाच्या मादीची अंडी रोहूच्या नराकडून फळवली गेली. हे काम माझ्या मत्स्यबीज केंद्रात आणि माझ्या देखरेखीखाली झालं, म्हणून त्याबद्दल मी खात्रीने बोलते. त्यातून संकरित पिल्लं निघाली.

दुसरी घटना. ही पिल्लं आठ महिन्यांची झाल्यावर त्यांतले काही मासे डॉ. शिरोडकर यांच्या गटाने चिरले, अवयव तोलले आणि अहवाल लिहिला. अहवालाचा सारांश असा: हा मासा रोहूपेक्षा झपाट्याने वाढतो, त्याचं डोकं कटल्यापेक्षा लहान असतं, आणि त्याच्या मादीत अंडाशय वाढतच नाही, म्हणून खाल्लेलं सगळं अन्न मांसात जातं. मासा वांझ आहे.

तिसरी घटना. मंडळाने या माशाला नाव दिलं. नाव 'मार्तंड'. अध्यक्षमहोदय, हे नाव सुचवणारे कोण, हे मला माहीत आहे. तेही याच व्यासपीठावर आहेत.

चौथी घटना. गेल्या पावसाळ्यात मार्तंडची दुसरी खेप काढली. तिची, दाटीत आणि बेताच्या खाद्यावर मुद्दाम लहान राखलेली बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीचे छोटे मासे, गोराईला किणी कुटुंबाच्या तळ्यात सोडायचं ठरलं. त्या पिशव्या आत्ता या क्षणी खाली अंगणात टेम्पोत रचलेल्या आहेत. बरोबर पाच वाजता प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते हिरवा झेंडा दाखवला जाणार आहे.

पाचवी घटना आजच दुपारी, जेवणाच्या टेबलावर घडली.

मला समोरून चिठ्ठी आली आहे. "पाच मिनिटं." निवेदकांचे आभार. मी पाचव्या घटनेवर आहे, म्हणजे निम्मं काम झालं.

नव्या मंडळींना कदाचित ठाऊक नसेल, आपल्या विभागाची एक जुनी रीत आहे. जो निवृत्त होतो, त्याच्या निरोपाच्या जेवणाला बाहेरचा मासा येत नाही. जाळं विभागाच्याच टाकीत पडतं, आणि कालवणातलं डोकं निवृत्त होणाऱ्याच्या पानात वाढलं जातं. ही रीत कुणी सुरू केली ते आता कुणाला आठवत नाही. त्यानुसार आज डोकं माझ्या पानात आलं.

मी मासा खाण्याआधी बघते. माझी आई याला वेड म्हणायची. विद्यापीठाने त्याला डॉक्टरेट दिली. तर मी बघितलं. रोहूचं डोकं लहान, ओठ झालरीसारखे, तोंड जरासं खाली. कटल्याचं डोकं रुंद, जड, आणि तोंड वरच्या बाजूला वळलेलं, सतत तक्रार करत असल्यासारखं. माझ्या पानातलं डोकं रोहूसाठी फार रुंद होतं आणि कटल्यासाठी फार अरुंद. तोंड ना वर, ना खाली. मनात म्हटलं, हा मार्तंड. आणि हा आठ महिन्यांचा नाही. एवढं डोकं व्हायला दोन पावसाळे लागतात.

इथवर काही बिघडलं नव्हतं. तेवढ्यात शेजारी बसलेल्या देवेश यांनी ताटली माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, गाबोळी घ्या ना. एक नंबर झालीय."

ज्या श्रोत्यांच्या घरी मासे शिजत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गाबोळी म्हणजे मादीच्या पोटातली अंड्यांची पिशवी. म्हणजेच अंडाशय. म्हणजेच तो अवयव, जो अहवालानुसार या माशात वाढतच नाही.

मी विचारलं, "देवेश, ही कोणाची?"

"रोहूची असणार, मॅडम."

'असणार.' श्रोतेहो, हा शब्द मी एम.एस्सी.च्या पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून खोडायला लावते. स्वतः देवेशनी तो एकदा खोडला आहे. पानावर मात्र तो परत आला.

मी स्वयंपाकघरात गेले. माझ्या मनात शंका आली की कॉन्सेप्टाबाईंनी जेवण खुलवायला गाबोळी बाजारातून वेगळी आणली असावी. तसं विचारलंही. त्यावर त्या काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत सांगते, कारण त्या दारात उभ्या आहेत आणि मी एक अक्षर बदललं तर इथूनच दुरुस्त करतील.

"मॅडम, तुमच्या शेवटच्या जेवणाला मी बाजारची गाबोळी घालीन? तीन मासे आले, तिघींच्या पोटात होती. तुमच्या पानातलं डोकं नि साहेबांच्या पानातली गाबोळी, एकाच बाईची."

'शेवटच्या' हा शब्द त्यांनी इतक्या सहज वापरला, की त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी माझी खात्री पटली. माझा संशय अनाठायी होता. तो मी इथे सर्वांसमक्ष मागे घेते. बाकीचे संशय मागे घेता येतील का, हे पुढच्या काही मिनिटांत ठरेल.

मग टाक्यांवरचे धाकूभाऊ भेटले. मासे कोणत्या टाकीतले, असं विचारल्यावर त्यांनी हात पुसत शांतपणे सांगितलं, "पुढल्या टाकयेक हात लावू नको म्हणान सरांनी सांगल्यानी. ते पाव्हण्यांका दाखवूचे आसत. मगे मागची उपसलंय. थंय मोठे होते."

मागची टाकी. जिच्यात पहिल्या खेपेतले, चिरायचे राहून गेलेले मासे दोन वर्षं सुखाने पोसले जात होते. ते आहेत, हे अहवाल लिहिणाऱ्यांच्या लक्षातही नव्हतं. म्हणजे पाहा, पाहुण्यांना दाखवायचे मासे राखण्याच्या नादात या विभागाने आपल्या दाव्याविरुद्धचा पुरावा स्वतःच जाळ्यात धरला, हळद-मीठ लावून तळला, आणि मला वाढला. निरोपाची इतकी वैज्ञानिक भेट आजवर कुणाला मिळाली नसेल.

जेवण अर्धं टाकून मी मागच्या टाकीवर गेले. अध्यक्षमहोदय, मघाशी शाल पांघरवताना आपण किंचित मागे सरलात ते मी पाहिलं. तो वास टाकीचा होता. धाकूभाऊंनी एक नर धरला. त्याच्या कल्ल्यामागच्या पराची आतली बाजू बोटाला खरखरीत लागली. वयात आलेल्या नराची ती खूण. पोट अगदी हलकं दाबलं, आणि माझ्या तळहातावर दुधासारखा पांढरा थेंब आला.

वांझ म्हणून ज्याची पाठराखण चालू आहे, त्या कुळातली मादी आज पानात होती आणि नर माझ्या हातात.

देवेश, बसा. तुम्हाला बोलायची संधी मिळेल, आणि ती कशी, तेही मी सांगणार आहे. आणि माइक बंद करायची आवश्यकता नाही. या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत माझा आवाज माइकशिवाय पोचतो, याला इथले निम्मे श्रोते साक्षीदार आहेत.

आता कुणी म्हणेल, एवढी काटेकोर बाई गाबोळीवरून निष्कर्षावर उडी मारते आहे. मी उडी मारत नाही. अंडी दिसली म्हणजे ती फळतील, असं नाही. नराला रेत आहे म्हणजे त्यातून पिल्लं होतीलच, असंही नाही. मी एवढंच म्हणते, की 'अंडाशय वाढतच नाही' हे वाक्य आज दुपारी खोटं ठरलं. आणि ते वाक्य काढून घेतलं तर 'वांझ' या शब्दाखाली अहवालात दुसरा कोणताही आधार उरत नाही. उलट, कटला आणि रोहू हे इतके जवळचे नातेवाईक आहेत, की त्यांच्या संकराला पुढे पिल्लं होतात हे या विषयातल्या कोणत्याही अभ्यासकाला ठाऊक असतं. ज्याला ते होत नाहीत असं म्हणायचंय, त्याने सिद्ध करायला हवं.

मग आठ महिन्यांच्या माशात अंडाशय का सापडलं नाही? उत्तर इतकं सोपं आहे, की सांगताना मला संकोच वाटतो. कारण आठ महिन्यांच्या कोणत्याच कटल्यात किंवा रोहूत ते सापडत नाही. या जातीच्या मासोळ्या साधारण दुसऱ्या वर्षानंतर वयात येतात. शाळकरी मुलीच्या कडेवर बाळ नाही, म्हणून ती वांझ, असा हा निष्कर्ष आहे.

आणि आता ज्या गोष्टीने मी खरोखर अस्वस्थ आहे, ती. अहवालात तुलनेसाठी शुद्ध रोहूही आहेत, आणि त्यांच्या पोटात अंडाशय आहे. भरपूर आहे. वाचणाऱ्याला वाटतं, पाहा, रोहूचं अन्न गाबोळीत जातं, मार्तंडचं मांसात. मी देवेशना विचारलं, हे रोहू आपल्या टाकीत, त्याच वेळी, त्याच खाद्यावर वाढवले होते का? उत्तर आलं, "नाही मॅडम, घाटकोपरच्या बाजारातून आणले. पण वजन जुळवलंय."

वजन जुळवलंय! आणि वय?

वजन सारखं, म्हणून दहावीतल्या एका धिप्पाड मुलीला आणि चाळिशीतल्या एका सडपातळ बाईला शेजारी उभं करायचं, आणि म्हणायचं, बघा, हिला मुलं आहेत, तिला नाहीत. तेव्हा तिची जातच वेगळी. बाजारातला तो रोहू कुठल्या तळ्यात, किती वर्षं, काय खाऊन वाढला, हे विक्रेत्यालाही माहीत नसतं. तुम्ही त्याच्याशी कोणत्या नात्याने तुलना केली?

वाढ हा एकच आकडा नसतो, हे मी पुन्हा सांगते, कारण पाहुण्यांच्या मघाच्या भाषणात 'झपाट्याने वाढणारा' हा शब्द पाच वेळा आला. दोन जवळच्या जातींचा संकर होतो तेव्हा शरीर एका चालीने वाढतं, डोकं दुसऱ्या, आतडं तिसऱ्या. रोहूचं आतडं लांब, कटल्याचं त्या मानाने आखूड. संकराचं मधलं, आणि तेही प्रत्येक माशात थोडं निराळं. टाकीत भरपूर खाद्य टाकलं की यकृत फुगतं, फिकं पडतं, आणि तराजूला तेही वजनच वाटतं. आणि वीण जवळ आली, की मादीच्या वजनाचा चांगला मोठा वाटा गाबोळीचा असतो. तेव्हा 'मासा मोठा झाला' असं म्हणणाऱ्याला मी विचारते, त्यातला कोणता अवयव मोठा झाला? मांस? यकृत? गाबोळी? की फक्त मंडळाची जाहिरात?

क्षमा करा. शेवटचं वाक्य मी वगळायला हवं होतं. पण आता आपण ते ऐकलंच आहे.

इतका वेळ मी माशाबद्दल बोलले. आता ज्या माणसांसाठी बोलते आहे, त्यांच्याविषयी.

फ्लेविया किणी यांच्या आजोबांनी गोराईच्या वाडीत गोड्या पाण्याचं तळं राखलं. त्यात कटल्याचं एक शुद्ध बियाणं आहे, जे या कुटुंबाने बाहेरचा मासा न मिसळता तीन पिढ्या सांभाळलंय. त्यांची पद्धत मी स्वतः पाहिली आहे. पाऊस सुरू होण्याच्या सुमारास तळ्यात जाळं ओढायचं, जाळ्यात आलेल्यांतून सर्वांत मोठे, सर्वांत देखणे मासे बाजूला काढायचे, आणि त्यांनाच पुढच्या पिढीचे आई-बाप करायचं. त्यांची पिल्लं मग उत्तन, मनोरी, वसईपर्यंतच्या तळ्यांना जातात. हे कुटुंब खाण्याचा मासा थोडाच विकतं. विकतं ते आई-बापांवरचा लोकांचा विश्वास.

गेली दोन वर्षं त्यांना वाईट गेली. कार्ल, मी सांगू ना? ठीक. कार्ल यांचं म्हणणं, या वर्षी तळं चाललं नाही तर भराव टाकून जागा लग्नाच्या लॉनला द्यावी. फ्लेविया यांचं म्हणणं, एक वर्ष आणखी. हे एक वर्ष चालवायला त्यांनी झपाट्याने वाढणारा मार्तंड घ्यायचं ठरवलं. घेण्यापूर्वी त्या माझ्या खोलीत आल्या होत्या. देवेश तिथेच होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"सर, यांना पिल्लं नाय ना होणार? आमच्या कटल्यांत मिसळले तं आम्ही वेगळे कसे करायचे?"

देवेश हसून म्हणाले, "अहो, पिल्लांचं नावच नको. झकास वाढतील, विकून टाका, मोकळ्या व्हा."

मिसळले तर वेगळे कसे करायचे? हा प्रश्न विचारणाऱ्या बाईला तुमच्या अहवालातलं एकही वाक्य समजावून द्यावं लागलं नसतं. विचार करा. दोन वर्षांनी त्याच तळ्यात जाळं पडेल. सर्वांत मोठा, सर्वांत देखणा मासा कोणता असेल? मार्तंड! तुमचा झपाटाच त्याला निवडून देईल. त्याच्या पोटात गाबोळी असेल, आणि किणी कुटुंब आपल्या आजोबांच्या रीतीप्रमाणे त्यालाच आई-बाप करील. एक पिढी झाली, की त्या तळ्यातला कटला पुरता कटला राहणार नाही. दोन पिढ्यांनी डोक्याचा आकार पाहून काहीच ओळखता येणार नाही. आणि मग उत्तनपासून वसईपर्यंत ज्यांनी या कुटुंबाकडून बी नेलं, ते विचारतील, फ्लेविया, हे काय दिलंस? त्या दिवशी हा अहवाल कुठल्या कपाटात असेल?

हे मी आज पहिल्यांदा विचारत नाही. महिनाभरात तीनदा तोंडी विचारलं. पहिल्यांदा उत्तर आलं, 'बघतो मॅडम.' दुसऱ्यांदा, 'छापून आलंय ना आता.' आणि तिसऱ्यांदा, गेल्या आठवड्यात, 'मॅडम, तुमचा निरोप समारंभ एकदा होऊ दे, मग निवांत बसू.'

निरोपानंतर निवांत? निरोपानंतर मी कुठे बसणार होते, देवेश?

मी संशयी आहे, असं मागे बोललं जातं. बरोबर बोललं जातं. म्हणून माझ्या मनात आलेले संशय मी लपवत नाही. समारंभ साडेतीनला ठेवला, टेम्पो पाचला. मला सांताक्रूझला घरी सोडायला गाडी सांगितली आहे, साडेचारची. चौतीस वर्षांत मला कुणी कधी गाडी सांगितली नव्हती. मी रोज शेअर रिक्षाने आले, आणि चकाल्याला उतरून चालत आले. आजच इतकी काळजी का? आणि मागच्या पडद्यावर लिहिलंय, 'निरोप समारंभ व मार्तंड वितरण सोहळा'. त्यातलं 'मार्तंड' माझ्या नावाच्या दुप्पट मोठ्या अक्षरात आहे. ही वाढसुद्धा मी मोजली.

यातला एखादा संशय चुकीचाही असेल. दुपारी एक चुकलाच. गाडी खरोखर प्रेमाने सांगितली असेल, तर मी प्रेमाने नाकारते. पण संशय चुकीचा ठरवायचा तर तो पुराव्याने ठरवायचा असतो. आणि पुरावा मागण्याचा अधिकार आज संध्याकाळी कार्यालय बंद होईपर्यंत माझ्याकडे आहे.

आणखी एक गोष्ट प्रमुख पाहुण्यांना माहीत नसावी. या आवारातून जिवंत मासा बाहेर जायचा तर गेट-पासवर मत्स्यबीज केंद्राच्या प्रमुखाची सही लागते. ती प्रमुख आज संध्याकाळपर्यंत मी आहे. टेम्पोचा गेट-पास माझ्या टेबलावर आहे. त्यावर सही नाही.

मार्तंडराव, घड्याळ पाहू नका. मी आपला अपमान करत नाही. आपण या मंडळासाठी आयुष्य वेचलंत, मरोळच्या या चिखलात टाक्या बांधल्यात, हे मी जाहीरपणे म्हणते, कारण तेही खरं आहे. पण ज्या माशाला आपलं नाव आहे, तो उद्या एखाद्या घराचं बियाणं बिघडवणारा ठरला, तर लोक कटला म्हणणार नाहीत आणि रोहूही म्हणणार नाहीत. ते आपलं नाव घेतील. आपल्याला कुणी हे सांगितलं नसावं, अशी माझी शंका आहे.

फ्लेवियाताई, तुम्ही हात वर केलात. बोला. माइक नको, मी ऐकते.

त्या विचारताहेत, पिशव्यांतली पिल्लं तोवर जगतील ना.

पाहा. सगळ्या सभागृहात हा एकच प्रश्न माशाच्या बाजूने विचारला गेला. जगतील, फ्लेवियाताई. पिशवीत प्राणवायू भरलेला आहे, संध्याकाळपर्यंत सहज पुरेल. आणि सही झाली नाही, तर धाकूभाऊ ती सगळी पुन्हा टाकीत सोडतील. त्यांना मी सांगून ठेवलंय. कार्ल, एक वर्ष हातचं जातंय असं तुम्हाला वाटतंय, मला दिसतंय. तेवढ्यासाठी मी शुद्ध रोहूची बोटुकली आपल्याच केंद्रातून तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. ती मार्तंडइतकी झपाट्याने वाढणार नाहीत. पण रोहू आणि कटला जाळ्यात शेजारी पडले, तरी तुमची बहीण अंधारातसुद्धा वेगळे करील.

आता भारावण्याची वेळ आली.

या महाविद्यालयाने मला सगळं दिलं. उत्तम सूक्ष्मदर्शक उशिरा दिला, पण दिला. विद्यार्थी दिले, ज्यांतले काही माझ्याहून बारकाईने बघतात, आणि एक देवेश दिला, ज्याच्या हातात माशाचं पोट फाडताना आतडं कधी तुटलं नाही. त्याच्याइतका स्वच्छ हात मी दुसरा पाहिला नाही. म्हणूनच मला हे बोलताना कष्ट होतात. गचाळ माणसाच्या चुकीवर मी इतका वेळ घालवला नसता. सहकाऱ्यांनी मानपत्र दिलं. त्यात माझा पहिला निबंध रोहूच्या आतड्यावर होता असं म्हटलंय, तो कटल्याच्या कल्ल्यांवर होता. कृपया दुरुस्त करून पाठवावं. कॉन्सेप्टाबाईंनी इतकी वर्षं जेवू घातलं, आणि आज जे घातलं त्याची परतफेड होणं शक्य नाही. सर्वांची मी ऋणी आहे.

या भाषणात औचित्याला कुठे धक्का लागला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या. मात्र मोजमापात, वयात किंवा अवयवात माझी चूक झाली असेल, तर सोडून देऊ नका. ती दाखवा. मी उभ्या उभ्या मान्य करीन.

आणि आता माझी मागणी. डॉ. देवेश शिरोडकर यांनी लेखी उत्तर द्यावं. तुलनेला घेतलेल्या रोहूंचं वय काय होतं, आणि ते कसं ठरवलं? दोन वर्षांच्या मार्तंडची मादी आणि नर एकत्र आणून, अंडी फळतात की नाही, याची चाचणी झाली का? झाली नसेल, तर विणीचा हंगाम आत्ता चालू आहे, मासे मागच्या टाकीत तयार आहेत. ती चाचणी होईपर्यंत हे बी आवाराबाहेर जाणार नाही, असं लिहून द्यावं. 'असणार', 'वाटतं' आणि 'बघतो' हे शब्द चालणार नाहीत.

उत्तर माझ्या नावाने नको. उद्यापासून माझी सही कुठेच चालणार नाही, आणि उद्या गेट-पासवर तुमची सही चालेल, हे मला कळतं. म्हणून उत्तर श्रीमती फ्लेविया किणी, गोराई, यांच्या नावाने लिहा, खाली तुमचं पूर्ण नाव आणि पद लिहा, आणि त्यांच्या हातात द्या. चाचणी झालेली असेल, तर टेम्पो सोडायचा की नाही, ते त्या ठरवतील; त्या हो म्हणाल्या, तरच मी गेट-पासवर सही करीन. तळं त्यांचं आहे.

मघाशी आपण मला निरोपाची भेट म्हणून हे पेन दिलंत. सुंदर आहे. मी ते अजून उघडलेलं नाही. ते मी इथे टेबलावर, देवेश, तुमच्या समोर ठेवते आहे. कागद फ्लेवियाताईंकडे आहे.

मी खाली टाकीपाशी थांबते.